रस्त्याला चिकटून चालणाऱ्या गाड्या : हौस मान्य, पण किती सेंटिमीटरपर्यंत?

रील तुम्हीही बघितली असेल. रात्रीची वेळ, पेट्रोल पंपाचा पांढरा उजेड आणि एक जुनी सेडान. गाडी इतकी खाली बसलेली की चाकाचा वरचा भाग बॉडीच्या आत गायब. मग एक जण वाकून बंपरखाली काडीपेटी उभी सरकवायला जातो आणि ती अडकते. कमेंटमध्ये आगीच्या इमोजींचा पाऊस.

आता त्याच गाडीच्या मागे स्कूटरवर तुम्ही आहात अशी कल्पना करा. पुढं स्पीडब्रेकर आला. गाडी जवळजवळ थांबली, तिरकी झाली, अर्धी समोरच्या लेनमध्ये गेली आणि एकेक चाक चढवत मुंगीच्या पावलानं निघाली. तुम्ही ब्रेक दाबलाय, तुमच्या मागच्या टेम्पोनं दाबलाय की नाही माहीत नाही. तेवढ्यात खालून ‘खर्र’ असा आवाज येतो.

अशा गाड्या सार्वजनिक रस्त्यावर चालवू द्याव्यात का, यावर दोन टोकं लगेच तयार होतात. एक म्हणतं, माझा पैसा, माझी गाडी. दुसरं म्हणतं, जप्त करा सगळ्या. वाद मजेशीर आहे, पण मधला मुद्दा दोन्हीकडून सुटतो.

आधी आपला कायदा काय म्हणतो ते बघू.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी फारकत होईल असा बदल मालकानं करायचा नाही, हा त्याचा गाभा. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडक अर्थानं वाचलं. केरळ उच्च न्यायालयानं राज्याच्या नियमांकडे बघून थोडी सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कायदा आणि नियम यात कायदा वरचढ. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केला, तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

म्हणजे विषय संपला? नाही, खरी गंमत इथून सुरू होते.

तुमची आरसी काढून बघा. रंग आहे, इंधन आहे, इंजिन नंबर आहे, सीट किती ते आहे. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, याचा रकाना तिच्यावर नाही. कलम ५२ मध्येही सेंटिमीटरचा एकही आकडा नाही. तिथं ‘बदल’ या शब्दाची व्याख्या आहे ती अशी की, गाडीच्या रचनेत असा फरक ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. मग स्प्रिंग दोन सेंटिमीटर आखूड बसवली तर मूळ वैशिष्ट्य बदललं का? आणि बारा सेंटिमीटर बसवली तर? वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. रस्त्यावर मात्र याचा निकाल समोरच्या अधिकाऱ्याच्या नजरेवर लागतो. चांगल्या कंपनीच्या स्प्रिंग टाकून गाडी बोटभर खाली घेणारा आणि ग्राइंडरनं मूळ स्प्रिंग कापून टाकणारा, दोघांचाही गुन्हा एकाच कलमातला.

आणि हे दोघं एकसारखे अजिबात नाहीत.

स्प्रिंग कापणं हा सगळ्यात स्वस्त जुगाड. कापलेली स्प्रिंग आखूड होते, तशी जास्त कडकही होते. पण शॉकॲब्सॉर्बर जुनाच, तो त्या कडकपणासाठी बनलेला नसतो. गाडी खड्ड्यात उसळली आणि चाक खाली लटकलं, की कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून हलू शकते. वळणावर हे झालं तर काय, ते सांगायला नको. शिवाय सस्पेन्शनला खालीवर व्हायला जागाच उरत नाही, त्यामुळे टायर फेंडरला घासतो. भरधाव गाडीचा टायर घासून फुटणं हा फक्त त्या गाडीचा प्रश्न राहत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे चाकं वरून आत झुकवणं. जपानमध्ये या प्रकाराला ‘ओनीक्यान’ म्हणतात, त्याचा अर्थ साधारण ‘राक्षसी कॅम्बर’. दिसायला भारी, पण टायरची फक्त आतली कड रस्त्याला टेकते. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर, आणि इथं पकडच अर्धवट. पावसात तर विचारूच नका.

तिसरा धोका गॅरेजवाल्यांना विचारा. चेंबर फुटणं. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर ब्रेकरला लागला आणि तडकला, तर गाडीवाल्याचं इंजिन जातं हे खरं. पण ते ऑइल रस्त्यावर सांडतं आणि त्यावरून मागची टू-व्हीलर घसरते. ‘माझी गाडी, माझा पैसा’ हे वाक्य इथं अडतं.

आता लोअर गाड्यांच्या चाहत्यांचं एक म्हणणं मला पटतं. ते म्हणतात, दोष रस्त्यांचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीड हंप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ किलोमीटरनं आरामात ओलांडता यावा असा. आता शाळेतली भूमिती लावा. २.६ मीटर व्हीलबेसची गाडी या हंपच्या मधोमध असेल, तर चारही चाकं उतारावरच असतात आणि दोन चाकांच्या मधल्या पोटाला जेमतेम ५ सेंटिमीटर जागा लागते. म्हणजे मानक हंपवरून बरीच खाली असलेली गाडीही हळू नेली तर निघते.

पण आपल्या गल्लीत तो हंप आहे का? आपल्याकडे वीतभर रुंदीचा, डांबराचा ढीग वाटावा असा ब्रेकर असतो. तो दोन चाकांच्या मधल्या जागेत पूर्ण मावतो, त्यामुळे त्याची जेवढी उंची तेवढीच जागा पोटाखाली हवी. यावर कंपनीतून आलेली सेडानसुद्धा चार माणसं बसली की घासते. त्यामुळे ‘गाड्या लोअर करू नका’ म्हणणाऱ्या यंत्रणेनं आधी आपले ब्रेकर मोजावेत, हा टोमणा रास्त आहे. फक्त त्यातून लोअर गाडीला परवाना मिळत नाही. रस्ता आज जसा आहे, तसाच आज वापरायचा आहे.

बाहेर काय करतात?

या वादाचं माहेरघर म्हणजे अमेरिकेतलं कॅलिफोर्निया. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ‘लोरायडर’ ही संस्कृती उभी केली. गाडी खाली, रंग झगझगीत, वेग एकदम संथ. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कायदा आला की, बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. टायरमधली हवा गेली आणि गाडी रिमवर आली तरी बॉडी रस्त्याला टेकणार नाही, इतकं साधं मोजमाप. तर रॉन अगिरे नावाच्या तरुणानं आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. एक बटण दाबलं की गाडी वर, पोलीस गेले की खाली. आज लोरायडर उड्या मारताना दिसतात, त्याची सुरुवात ही अशी चलन चुकवण्यातून झाली.

पुढं अनेक शहरांनी अशा गाड्यांच्या संथ फेऱ्यांवरच बंदी घातली. तक्रार अशी होती की या नियमांच्या नावाखाली एकाच समाजाच्या पोरांना अडवलं जातं. अखेर २०२३ मध्ये राज्यानं कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून फेऱ्यांवरची बंदी आणि तो रिमचा नियम, दोन्ही गेले.

त्याच देशात त्याच काळात उलटंही घडलं. पिकअप ट्रकचं नाक वर आणि मागचा भाग खाली अशी एक फॅशन आली होती. चालकाला बॉनेटपुढचं दिसत नाही आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया, साउथ कॅरोलिना या राज्यांनी २०२१ ते २०२३ मध्ये एकामागोमाग एक त्यावर बंदी आणली. एकीकडे सैल, दुसरीकडे कडक, पण मला यात विसंगती दिसत नाही. दुसऱ्या नियमात धोका काय आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. पहिल्याचा वापर गाडीपेक्षा माणसं बघून होतोय, ही तक्रार होती.

जपानचा रस्ता आपल्याला जास्त उपयोगी. राक्षसी कॅम्बर जिथं जन्मला, तिथंच नियमही स्पष्ट आहे. ‘शाकेन’ नावाच्या तपासणीत ग्राउंड क्लिअरन्स साधारण ९ सेंटिमीटर लागतो. त्याच्या वर असाल तर हौस करा. नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासली जाते. जर्मनीत आखूड स्प्रिंग बसवता येते, पण ती त्या मॉडेलसाठी तपासलेली हवी आणि बसवल्यावर तज्ज्ञाकडून गाडी पास करून कागदावर नोंद करावी लागते.

आपल्याकडे खासगी कारचं पासिंग नव्यानं झालं की पुढचं पंधरा वर्षांनी. दुसऱ्या वर्षी स्प्रिंग कापली तर तेरा वर्षं कुणी खाली वाकून बघणार नाही. बघितलं तर नाक्यावर, तेही नशीब खराब असेल तर. आवाजी सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेत. सायलेन्सर दूरवरून ऐकू येतो, म्हणून सापडतो. कापलेली स्प्रिंग आवाज करत नाही.

म्हणून माझं मत असं. ज्या गाडीखालून वीतभर रुंदीचा ब्रेकरही जात नाही, ती धावत्या रस्त्यावर नको. ट्रेलरवर घालून शोला न्या, तिथं काडीपेटी काय, पोस्टकार्डही अडकू द्या. एअर सस्पेन्शनवाले म्हणतील, आम्ही उभी असताना खाली घेतो, चालवताना वर. चालवतानाची उंची मोजून कागदावर येत असेल, तर माझी हरकत नाही. बाकीच्यांसाठी आकडा ठरवा. तो जपानचा ९ उचलून चालणार नाही, आपले ब्रेकर बघून थोडा वरचाच लागेल. त्या आकड्याच्या वर, तपासलेल्या स्प्रिंग घालून, आरटीओत नोंद करून गाडी खाली घेऊ द्या. आज प्रामाणिक हौशी माणसाला परवानगी मागायला खिडकीच नाही, आणि जुगाड करणाऱ्याला ती नकोच आहे.

हा नियम येईल तेव्हा येईल. तोवर सेकंडहँड लोअर गाडी स्वस्तात मिळत असेल, तर दोन गोष्टी करा. गाडी जॅकवर घेऊन स्प्रिंगचं टोक बघा. कंपनीच्या स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसेल असं घडवलेलं असतं, कापलेल्या स्प्रिंगवर ग्राइंडरची खूण दिसते. आणि मालकाकडे मूळ स्प्रिंग आहेत का विचारा. असतील तर त्या बसवून घ्या आणि मगच ट्रान्सफरच्या कागदावर सही करा. कारण पुढच्या नाक्यावर अडवलं, तर गाडीचे मालक म्हणून उत्तर तुम्हाला द्यायचंय. आणि अपघात झाला तर न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून विमा कंपनी क्लेम अडवू शकते.