टेकडीचं गवत: आधी उतार मोजा, मग मशीन घ्या



पोळा झाला की मला एकच प्रश्न येतो. "भाऊ, बरडावरचं गवत कापायचं आहे, मशीन कोणती घेऊ?" विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. घरी ट्रॅक्टर आहे, मागं स्लॅशर लावू, एका दिवसात काम खतम. माझं मत वेगळं आहे, आणि ते मला फुकट मिळालेलं नाही.

आमची जमीन मालेगाव तालुक्यात, मेडशीकडच्या डोंगरपट्ट्यात. त्यातलं सात एकर नुसतं बरड. वर अडीच एकर सपाटी, मधे तीन एकर उतार, खाली नाल्याच्या काठाला दीड एकर दगडगोट्यांचा कडा. पेरणीला परवडत नाही, पण पवन्या, मारवेल, कुसळी भरपूर येते. घरची ढोरं निम्मं वर्ष त्याच गवतावर निघतात. ते हातचं गेलं की कुटार आणि कडबा विकत घ्यावा लागतो.

अडचण वेळेची आहे. गवत फुलोऱ्यात येतं त्याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी सुरू होते. सोंगणीचा एकरी हुंडा सोडून आपल्या टेकडीवर इळा घेऊन कोण येईल? मजुरांची वाट पाहत पंधरा-वीस दिवस गेले की कुसळीला कुसळं धरतात. मग ते गवत ढोरांच्या तोंडात टोचतं, बकऱ्या-मेंढ्यांच्या अंगात घुसतं आणि त्याचा कसही उतरलेला असतो. उभं वाळलेलं गवत उन्हाळ्यात वणव्याला आमंत्रण. म्हणून मशीन पाहिजे, यात दुमत नाही. प्रश्न कोणती, एवढाच.

तीन वर्षांपूर्वी मीही स्लॅशरच लावला होता. ट्रॅक्टर भाड्याचा, चालवणारा आमच्या भावकीतलाच पोरगा. वरची सपाटी दोन-अडीच तासांत साफ झाली, मी खूश. मग तो उतारावर आला. आधी वर-खाली चालवत होता. शेवटचा पट्टा राहिला तेव्हा म्हणाला, "काका, थोडसंच राह्यलं, आडवंच मारतो." मी हो म्हणालो. वरच्या बाजूचं चाक गवतात लपलेल्या दगडावर चढलं, त्याच वेळी खालचं चाक घळीत बसलं. ट्रॅक्टर कलंडला. पोरगा वरच्या बाजूला उडी मारून वाचला, हाताला मुका मार लागला तेवढाच. खालच्या बाजूला उडी मारली असती तर आज मी हे लिहायला बसलो नसतो. 'हो' माझ्या तोंडून गेला होता, हे मी विसरत नाही.

ट्रॅक्टर आडवा चालला की सगळं वजन खालच्या चाकांवर जातं. अवजार उचललेलं असेल तर तोल आणखी वर सरकतो. सप्टेंबरचं ओलं गवत चाकाला धरू देत नाही. आणि आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांवर जे छत असतं ते उन्हासाठी असतं. उलटलेल्या ट्रॅक्टरचं वजन पेलणारी मजबूत चौकट वेगळी असते, ती किती जणांकडे आहे ते आपणच पाहा.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: दुकानात जाण्याआधी उतार मोजा. दहा फुटांची सरळ फळी घ्या. एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, दुसरं उचलून गवंड्याच्या लेव्हलनं फळी आडवी करा. उचललेल्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती इंच अंतर पडलं ते मोजा. १२ इंच म्हणजे १० टक्के, १८ इंच म्हणजे १५ टक्के, ३० इंच म्हणजे २५ टक्के उतार, अंशात साधारण १४. सीटवर बसून चालवायच्या मॉवरच्या पुस्तिकेत बहुधा १५ अंशांच्या वर जाऊ नका असं लिहिलेलं असतं, आणि तेही कापलेल्या, बिनदगडी हिरवळीसाठी. आपल्या बरडावर दगड आणि घळी गवतात लपलेल्या असतात, म्हणून मी हद्द बरीच अलीकडे धरतो. १८ इंचांपर्यंत ट्रॅक्टर, तोही फक्त वर-खाली. १८ ते ३० इंचांमध्ये माणूस मागं चालेल अशी मशीन, ती उताराला आडवी चालवायची, म्हणजे घसरली तरी अंगावर येत नाही. ३० च्या वर ब्रश कटर किंवा इळा. हा माझा हिशेब आहे. तुमची माती जास्त निसरडी असेल तर आणखी कमी धरा.

दुसरं म्हणणं: गवत कशासाठी कापता ते ठरवा. स्लॅशर आणि फ्लेल मॉवर गवताचा चुरा करतात. संत्र्याच्या बागेतलं तण जमिनीवरच कुजवायचं असेल, जुनी झुडपं साफ करायची असतील, तर ते कामाचं. पण वैरण पाहिजे असेल तर चुरा गोळा कसा करणार? मातीत मिसळलेला चुरा ढोरं तोंडातही धरत नाहीत. त्या वर्षी माझ्या सपाटीवरची अडीच एकराची वैरण अशीच गेली. काम झकास झालं होतं, पण गंजी रिकामी. ट्रॅक्टर कलंडला त्याची चर्चा गावभर झाली. हे नुकसान मात्र मलाच माहीत होतं.

वैरणीसाठी गवत बुडातून अख्खं कापलं गेलं पाहिजे. त्याला चालत्या रीपरसारखी मशीन बरी, पुढं कात्रीसारखं पातं असलेली. ती गवत कापून एका बाजूला ओळीत टाकते, मागून बाया पेंढ्या बांधत जातात. पण दगड तिचा वैरी आहे. एक मोठा गोटा लागला की पात्याचे दात गेले. ज्या पट्ट्यातले दगड वेचून धुऱ्यावर टाकता येतात तिथंच ती चालते.

उरलेल्या जागेला ब्रश कटर. ही मशीन स्वस्त, खांद्यावर नेता येते आणि कड्यावरही चालते. पण तिला खेळणं समजू नका. नायलॉनची दोरी कोवळ्या तणाला, तीन दाती पातं जाड गवताला, गोल दातेरी पातं झुडपाला. दगडावर पातं आपटलं की मशीन झटका देते आणि खडा गोळीसारखा उडतो. डोळ्यावर जाळी किंवा चष्मा, पायात बूट, पोटऱ्यांना जाड कापड हे पाहिजेच. आजूबाजूला ५० फुटांत कोणी नको, पेंढ्या बांधणाऱ्या बायाही नकोत. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर तेलाचं प्रमाण पुस्तिकेत पाहूनच मिसळा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. अंदाजानं बाटली ओतली तर एका हंगामात इंजिन बसतं. फोर-स्ट्रोकला ही कटकट नाही, पण मशीन थोडी जड होते. माझ्याकडे तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल लागतं आणि एका माणसाचा एक एकर दोन दिवसांत होतो. चार तासांनंतर खांदा आणि कंबर बोलायला लागते, म्हणून दोघांनी आळीपाळीनं चालवा.

तिसरं म्हणणं अनुदानाचं. कृषी यांत्रिकीकरणात अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, ठरलेल्या मर्यादेत मिळतात. अर्ज महाडीबीटीवर. पूर्वसंमती आल्याशिवाय खरेदी करू नका, नाहीतर पैसे गेले समजा. अनुदान घ्यावंच, आपल्या हक्काचं आहे. पण "यादीत जास्त रकमेची मशीन आहे म्हणून तीच घेतली" हा हिशेब उलटा आहे. न वापरलेल्या मशीनवर निम्मे पैसे वाचले नाहीत, निम्मे बुडाले.

मग मी काय केलं? एक मोठी मशीन घेतलीच नाही. फोर-स्ट्रोक ब्रश कटर स्वतःचा घेतला. रीपर आम्ही तिघा शेजाऱ्यांनी मिळून घेतला. तो सपाटीवर आणि मधल्या उताराच्या दगड वेचलेल्या भागात चालतो, आणि सोयाबीनच्या सोंगणीलाही कामाला येतो. कड्यावरच्या दीड एकरातलं निम्मं इळ्यानं कापतो, निम्मं सोडून देतो. त्यातलं बी पडतं, माती धरून राहते.

कापताना बुडाला तीन-चार बोटं गवत ठेवा. उतारावर जमीन खरवडून काढली तर परतीच्या पावसात मुरूम उघडा पडतो. आणि कापायची कटकट नको म्हणून तणनाशक मारू नका. गवताचं मूळ मेलं की बरडाला धरून ठेवणारं दुसरं काही उरत नाही.

कोणी म्हणेल, एवढा विचार कशाला, गवतच तर आहे. बरोबर, गवतच आहे. त्यासाठी कोणाचं पोरगं चाकाखाली जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं. या रविवारी फळी घेऊन आपल्या टेकडीवर जा आणि किती इंच भरले ते खाली लिहा. मशीन कोणती ते मग बोलू.