विश्लेषण : ‘स्किप’ की ‘रिजेक्ट’? वेबपेजच्या झाडातली एक चुकीची छाटणी पान मुके कशी करते?

लातूर असो की नांदेड, प्रवेशाची फेरी, परीक्षेचा निकाल, सातबारा, अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी हे सगळे आता मोबाइलवर पाहिले जाते. ज्यांना स्क्रीन दिसत नाही, ते तेच पान स्क्रीन रीडरच्या मदतीने ऐकतात. मात्र डोळ्यांना नीटनेटके दिसणारे पान कानांना अर्धवट ऐकू येऊ शकते, कधी पूर्णच गप्प राहते. यामागचे एक कारण प्रोग्रामिंगमधल्या अगदी छोट्या निर्णयात दडलेले असते. नको असलेली गोष्ट ओलांडून पुढे जायचे, की ती फांदीसकट छाटायची?

डॉक्युमेंट ट्री म्हणजे काय?

ब्राउझर वेबपेजकडे सलग मजकूर म्हणून पाहत नाही. एचटीएमएल वाचून तो त्याचे झाड तयार करतो. मुळाशी संपूर्ण पान असते. मेनू, शीर्षक, तक्ता या त्याच्या फांद्या. तक्त्याला ओळी फुटतात, ओळींना रकाने आणि रकान्याच्या टोकाला प्रत्यक्ष मजकूर. यातल्या प्रत्येक सांध्याला ‘नोड’ म्हणतात आणि या सगळ्या रचनेला ‘डॉम’.

पानातला मजकूर मोठ्याने वाचायचा असेल, भाषांतर करायचे असेल किंवा जाहिराती काढून फक्त बातमी दाखवायची असेल, तर प्रोग्रामला या झाडावर नोडमागून नोड फिरावे लागते. प्रत्येक नोड कामाचा नसतो, म्हणून सोबत फिल्टर लावला जातो.

फिल्टरकडे किती उत्तरे असतात?

वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १३ नोव्हेंबर २००० रोजी झाडावर फिरण्याचे नियम मानक म्हणून जाहीर केले. त्यातल्या ‘ट्रीवॉकर’ या साधनाचा फिल्टर प्रत्येक नोडबाबत तीनपैकी एक उत्तर देतो.

• ॲक्सेप्ट : हा नोड घ्या.
• स्किप : हा नोड नको, पण त्याच्या खालचे नोड तपासा.
• रिजेक्ट : हा नोड नको आणि त्याच्या खालचे काहीच नको.

‘नको’ दोन्हीकडे आहे. फरक आहे तो खालच्या फांदीचे काय करायचे, याचा.

नांदेड-लातूरच्या नकाशावर हा फरक कसा दिसतो?

समजा, झाडाच्या मुळाशी ‘मराठवाडा’ आहे. सोयीसाठी त्याला नांदेड आणि लातूर या दोनच फांद्या धरू. नांदेडखाली १६ तालुके, लातूरखाली १०. आपल्याला फक्त तालुक्यांची नावे हवी आहेत, जिल्ह्यांची नकोत.

जिल्ह्याच्या नोडवर ‘स्किप’ म्हटले, तर प्रोग्राम ‘नांदेड’ हे नाव सोडतो, पण खाली उतरून किनवट, मुखेड, देगलूर गोळा करतो. मग लातूरखालचे उदगीर, औसा, निलंगा. एकूण २६ नावे हाती येतात. त्याच ठिकाणी ‘रिजेक्ट’ लिहिले, तर दोन्ही फांद्या तिथेच तुटतात आणि यादीत शून्य नावे उरतात. प्रोग्राम कोणतीही चूक दाखवत नाही. यादी फक्त रिकामी येते.

उलट गरजही असते. फक्त लातूरचे तालुके हवे असतील, तर नांदेडच्या नोडवर ‘रिजेक्ट’ हेच योग्य उत्तर आहे. तिथे ‘स्किप’ वापरले, तर नांदेड हे नाव जाईल, पण त्याचे १६ तालुके लातूरच्या यादीत येऊन बसतील.

यातला नेहमीचा सापळा कोणता?

ट्रीवॉकरला सुरुवातीलाच ‘मला फक्त मजकुराचे नोड दाखव’ असे सांगता येते. सोय चांगली आहे, पण तिचा एक परिणाम पटकन लक्षात येत नाही. अशा प्रकारे वगळलेले नोड आपोआप ‘स्किप’ होतात आणि आपल्या फिल्टरला त्यांच्याबद्दल विचारलेच जात नाही.

पानात लपलेला प्रोग्रामचा कोडही ‘स्क्रिप्ट’ या नोडखाली मजकूर म्हणूनच राहतो. ‘स्क्रिप्ट आली की रिजेक्ट’ असा नियम लिहिला, पण मागणी फक्त मजकुराची केली, तर तो नियम कधीच चालत नाही. प्रोग्राम स्क्रिप्ट ओलांडतो, आतला कोड उचलतो आणि बातमीच्या मध्येच कंस व अर्धविराम वाचू लागतो. यावर उपाय म्हणजे मजकुरासोबत एलिमेंटचे नोडही मागायचे. मग स्क्रिप्टला ‘रिजेक्ट’, इतर एलिमेंटना ‘स्किप’ आणि मजकुराला ‘ॲक्सेप्ट’ असे उत्तर देता येते.

याच मानकातल्या ‘नोडआयटरेटर’ या दुसऱ्या साधनात आणखी एक गंमत आहे. ते झाडाकडे सरळ यादी म्हणून पाहते. त्यामुळे तिथे ‘रिजेक्ट’ लिहिले तरी अर्थ ‘स्किप’चाच होतो.

पान मुके कसे होते?

स्क्रीन रीडरसाठी ब्राउझर डॉमवरून दुसरे, छाटलेले झाड तयार करतो. काय छाटायचे, याच्या खुणा पान बनवणाराच देत असतो.

‘एरिया-हिडन’ ही खूण ‘रिजेक्ट’सारखी वागते. ती ज्या नोडवर लावली, त्याच्या खालची सगळी फांदी स्क्रीन रीडरसाठी नाहीशी होते. आतल्या एखाद्या नोडवर ‘लपवू नका’ लिहिले, तरी तो परत येत नाही. सूचनेची चौकट उघडताना मागच्या पानावर ही खूण लावायची आणि चौकट बंद झाल्यावर काढायची, अशी पद्धत आहे. काढायची राहिली, तर डोळ्यांना पान पूर्ण दिसते आणि कानांना काहीच ऐकू येत नाही.

‘रोल-प्रेझेंटेशन’ ही खूण ‘स्किप’च्या जवळची आहे. ती नोडची ओळख पुसते, आतला मजकूर ठेवते. केवळ मांडणीसाठी केलेल्या तक्त्याला ती योग्य. पण अनुदानाच्या यादीसारख्या खऱ्या तक्त्यावर लावली, तर गाव, नाव आणि आकडे ऐकू येतात, मात्र कोणता आकडा क्षेत्राचा आणि कोणता रकमेचा, हे समजत नाही.

कायदा काय सांगतो?

२०११च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यातल्या सुमारे ५० लाख दृष्टिदोष असलेल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ माहिती आणि सेवा सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात, असे सांगतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे स्पष्ट केले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला.

मग करायचे काय?

लातूर पॅटर्नमुळे राज्यभरातले विद्यार्थी ज्या शहरात येतात आणि ज्या नांदेडमध्ये १९८१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्था आहे, तिथे हा विषय केवळ परीक्षेतला एक प्रश्न राहू नये. ट्री ट्रॅव्हर्सल शिकवताना त्याच तासाला एखादे खरे पान ऐकून दाखवले, तर छाटणीचा अर्थ विद्यार्थ्यांना कायमचा कळेल.

कार्यालये आणि महाविद्यालयांनीही संकेतस्थळाचे बिल मंजूर करण्यापूर्वी एक साधी चाचणी सक्तीची करावी. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधील ‘टॉकबॅक’ सुरू करायचे, स्क्रीनकडे न पाहता यादीतले एक नाव शोधायचे आणि त्यापुढची रक्कम कोणती ते सांगायचे. या चाचणीला वेगळा खर्च नाही, नवे यंत्रही लागत नाही. ज्या पानावर हे जमत नाही, ते पान पूर्ण झाले असे मानू नये आणि त्याचे पैसेही देऊ नयेत.