फातिमाबी आणि कॉपी-पेस्ट

दर ९ जानेवारीला फातिमाबी शेख यांच्यावरचा तोच मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो. बोट दाबून धरायचं, कॉपी करायचं, दुसरीकडे पेस्ट. ही जन्मतारीख आली कुठून, हे कुणी विचारत नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये ‘फातिमा शेख काल्पनिक आहेत’ असा दावा झाला, तेव्हा आपल्यातल्या अनेकांच्या हाती फॉरवर्डशिवाय काही नव्हतं.

पुरावा आहे. माहेरी नायगावला आजारी असताना सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिबांना पत्र लिहिलं. पुण्यात फातिमाला त्रास होत असेल, ही काळजी त्यात आहे. हा साधा उल्लेख शंभर फॉरवर्डना भारी आहे. पुढच्या जानेवारीत पेस्ट करायचंच असेल, तर आधी ते पत्र वाचा आणि त्याची तारीखही सोबत पाठवा.