घरभर पोचणारे वायफाय : मेश संच निवडताना

व्यापारी घरात इंटरनेट आता केवळ करमणुकीचे साधन राहिलेले नाही. ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटींहून अधिक आहे, अशा व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. माल गाडीत भरून झालेला असतो. परंतु ई-वे बिल निघेपर्यंत चालकाला थांबावे लागते. त्याच वेळी वरच्या मजल्यावर मुलांचा अभ्यास चालू असतो, मधल्या मजल्यावर सूनबाईंचे कार्यालयीन काम चालते आणि मागच्या खोलीत आजी-आजोबा परदेशातील नातवंडांशी बोलत असतात. हा सर्व भार एकाच जोडणीवर असतो. म्हणून ती जोडणी घरात कोठवर पोचते, हा प्रश्न संपूर्ण कुटुंबाच्या सोयीचा आणि काही वेळा सुरक्षिततेचाही होतो.

पुण्याची रविवार पेठ असो वा सांगलीची गणपती पेठ, जुन्या बाजारातील घरांची ठेवण बरीचशी सारखी असते. खाली दुकान, वर राहते घर. रस्त्याकडे रुंदी थोडी आणि आत खोली पुष्कळ. पुढचा भाग नंतर बांधलेल्या स्लॅबचा, तर मागचा भाग जाड विटांच्या किंवा दगडी भिंतींचा. फायबरची तार जेथून सहज आत येते तेथेच राउटर बसतो. बहुधा दर्शनी खोलीत किंवा गल्ल्यामागे. परिणामी पुढच्या खोल्यांत रेंज भरपूर मिळते आणि सर्वांत मागची शांत खोली कोरडी राहते. ती खोली पुष्कळदा घरातील ज्येष्ठांची असते. अशा खोलीत मोबाइलचे नेटवर्कही क्षीण असते. वायफायवरून साधा फोन लावण्याची सोय आता बहुतेक नव्या फोनमध्ये आहे. पण वायफायच तेथे पोचत नसेल तर रात्री-अपरात्री मुलाला वा डॉक्टरांना फोन लावण्यासाठी वृद्ध माणसाला उठून ओसरीपर्यंत यावे लागते. घरभर वायफाय हवे म्हणण्यामागे हे खरे कारण असते.

रेंज अडते कशामुळे, हे प्रथम समजून घेणे इष्ट. घरगुती वायफाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर चालते : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. त्या भिंतीतून बऱ्या पार होतात, पण त्यांचा वेग मर्यादित असतो आणि शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह ओव्हन यांची त्याच पट्ट्यात गर्दी असते. दुसऱ्या पट्ट्यातील लहरी साधारण निम्म्या लांबीच्या असतात. त्यांचा वेग अधिक, परंतु एक-दोन जाड भिंती ओलांडताच त्या दुबळ्या होतात. सळ्यांचा स्लॅब, लोखंडी शटर, पत्र्याची कपाटे, मोठे आरसे आणि पाण्याच्या टाक्या हे दोन्ही पट्ट्यांचे शत्रू होत. उघड्या जागेतही अंतर दुप्पट झाले की लहरींची शक्ती चौथाईवर येते. भिंतींचा हिशेब त्यापुढचा.

खरेदीपूर्वी मोजमाप करावे. कापड घेण्याआधी माप घेतले जाते, तसेच हे आहे. प्रथम लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडून वेग पाहावा. तेथेच वेग अपुरा असेल तर दोष सेवा देणाऱ्या कंपनीच्या जोडणीत किंवा घेतलेल्या योजनेत आहे. घरात कितीही उपकरणे मांडली तरी तो दूर होणार नाही. तेथे वेग ठीक असेल तर अँड्रॉइड फोनवर वायफायची शक्ती दाखवणारे एखादे मोफत अॅप घेऊन प्रत्येक खोलीत आकडा पाहावा आणि कागदावर घराचा नकाशा काढून त्यात लिहावा. हा आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. उणे ५० उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो. उणे ७५ च्या पलीकडे आवाज तुटू लागतो आणि उणे ८० नंतर भरवसा धरता येत नाही. मोजमाप सायंकाळी, घरात सर्व माणसे असताना करावे, कारण खरा भार तेव्हाच असतो.

या नकाशावरून कधी कधी असेही लक्षात येते की नवी खरेदी नकोच आहे. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे किंवा टीव्हीच्या खणात कोंबलेला असेल, तर तो मोकळ्या जागी, डोक्याच्या उंचीवर, जिन्याजवळ हलवल्याने निम्मे काम होते. फायबर वाढवून देणे हे जोडणी करणाऱ्या कारागिराचे थोड्या वेळाचे काम असते. ते करून पाहिल्यावरही मागच्या खोल्या कोरड्या राहत असतील, तरच मेशकडे वळावे.

बाजारात रिपीटर नावाचे स्वस्त उपकरण मिळते. ते आलेली रेंज पकडून पुढे टाकते. त्याच लहरींवर घेणे आणि देणे दोन्ही करावे लागत असल्याने वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय त्याचे नाव अनेकदा वेगळे ठेवलेले असते आणि खोली बदलली की फोनची जोडणी हाताने बदलावी लागते. मेश म्हणजे जाळी. यात दोन-तीन सारखी उपकरणे एका नावाने, एका पासवर्डने आणि एका व्यवस्थेखाली काम करतात. माणूस पुढच्या खोलीतून मागे गेला की फोन जवळच्या उपकरणाकडे सरकतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कोणते उपकरण धरायचे याचा अंतिम निर्णय फोनच घेतो. ८०२.११के, व्ही आणि आर या नावांच्या सुविधा असलेला संच फोनला योग्य सूचना देतो आणि बदल झटपट घडवतो. बोलणे न तुटता घरभर फिरता यावे अशी अपेक्षा असेल, तर या सुविधा आहेत का ते तपासावे.

मेशची खरी परीक्षा उपकरणांच्या आपसातील दुव्यात असते. हा दुवा बिनतारी असेल तर संच दोन पट्ट्यांचा आहे की तीन, याला महत्त्व येते. दोन पट्ट्यांच्या संचात फोनशी बोलणे आणि उपकरणांचे आपसातील बोलणे एकाच मार्गावर चालते, म्हणून प्रत्येक टप्प्यावर वेग घटतो. ट्राय-बँड संचात एक स्वतंत्र पट्टा दुव्यासाठी राखता येतो. त्याची किंमत अधिक असते. परंतु या दोहोंपेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे तार. घराची दुरुस्ती किंवा रंगकाम निघणार असेल, तर प्रत्येक मजल्यावर एक नेटवर्क केबल ओढून घ्यावी. मग दोन पट्ट्यांचा साधा संचही उत्तम चालतो आणि जाड भिंतींचा प्रश्न मुळातूनच मिटतो.

केबल घेताना मात्र व्यापाऱ्याची नजर हवी. कॅट ६ असे छापलेली पुष्कळ केबल आतून अॅल्युमिनियमची असते. वर तांब्याचा केवळ मुलामा असतो. ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. शुद्ध तांब्याची केबल महाग पडते, पण एकदा भिंतीत गेलेली तार पुन्हा काढणे त्याहून महाग पडते. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. ती विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये. गोदाम रस्त्यापलीकडे वेगळ्या इमारतीत असेल तर तेथवर तांबे न ओढता फायबर टाकावी. पावसाळ्यात आसपास वीज पडल्यास तांब्याच्या तारेतून आलेला झटका दोन्ही टोकांची उपकरणे जाळू शकतो, काचेच्या धाग्यातून तो येत नाही.

उपकरणे किती घ्यावीत? वीस फूट रुंद, साठ फूट खोल आणि तीन मजली घराचा विचार करू. तार ओढलेली असेल तर प्रत्येक मजल्यावर मध्यभागी, जिन्यालगत एक, अशी तीन उपकरणे बहुधा पुरतात. जेथे मागचा भाग जुन्या जाड भिंतींचा असेल तेथे एखादे अधिक लागेल. तार नसेल तर पहिले उपकरण फायबरपाशी आणि दुसरे कोरड्या खोलीत, अशी चूक सर्रास होते. ज्या खोलीत रेंजच पोचत नाही तेथे ठेवलेले उपकरण पुढे देणार तरी काय? ते दोहोंच्या मधोमध, जेथे पहिल्याची रेंज अजून चांगली आहे, तेथे ठेवावे. जिन्याचा मोकळा उभा भाग लहरींना वर चढण्यास वाट देतो. त्याचा लाभ घ्यावा. प्रथम दोनांचा संच घेऊन मोजावे आणि गरज असेल तरच तिसरे जोडावे. उपकरणे दाटीने मांडली तर ती एकमेकांच्या आड येतात आणि फोन दूरच्याच उपकरणाला चिकटून राहतात.

खोक्यावरील आकड्यांनी भुलून जाऊ नये. एसी १२०० याचा अर्थ एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ मेगाबिट यांची बेरीज. एएक्स ३००० म्हणजे ५७४ आणि २४०२. ही बेरीज कोणत्याही एका फोनला कधीच मिळत नाही. प्रत्यक्षातील वेग कागदावरील वेगाहून बराच कमी असतो. घरची योजना १०० वा २०० मेगाबिटची असेल तर वायफाय ६ चा मध्यम संच पुरेसा होतो. वायफाय ७ चे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले; त्याचा लाभ घेणारे फोन घरात नसतील तर त्यासाठी अधिक दाम मोजण्यात अर्थ नाही. उलट एक लहानसा आकडा अवश्य पाहावा : तार जोडण्याचे पोर्ट गिगाबिट आहेत का? काही स्वस्त संचांत ते १०० मेगाबिटचेच असतात. तेथे ३०० ची योजना घेतली तरी १०० च्या पुढे काही येत नाही.

फायबर कंपनीने दिलेला डबा स्वतःही राउटरच असतो. त्यापुढे मेशचा दुसरा राउटर लावला की एकावर एक दोन राउटर होतात. दुकानातील कॅमेरे बाहेरून दिसेनासे होणे, वरच्या मजल्यावरील संगणकाला खालचा प्रिंटर न सापडणे, असे घोळ त्यातून निघतात. उपाय दोन. कंपनीला सांगून तिचा डबा ब्रिज मोडवर घ्यावा किंवा मेश संच अॅक्सेस पॉइंट मोडवर चालवावा. दुसऱ्या प्रकारात काही संचांतील पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क किंवा मुलांसाठीचे वेळेचे बंधन चालत नाही. म्हणून खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

विजेचा विचार बहुतेक घरांत राहून जातो. वीज गेल्यावर मुख्य राउटर इन्व्हर्टरवर चालतो, पण मधले उपकरण साध्या सॉकेटवर असल्याने मागच्या खोल्या नेमक्या अंधारातच तुटतात. फायबरचा डबा आणि मेशची सर्व उपकरणे इन्व्हर्टरच्या ओळीवर असावीत किंवा प्रत्येकाला छोटा यूपीएस असावा. तो घेताना उपकरणाचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावेत.

सुरक्षिततेबाबत तीन गोष्टी पुरेत. दुकानात येणाऱ्या ग्राहकांना व पाहुण्यांना वेगळ्या नावाचे अतिथी नेटवर्क द्यावे, म्हणजे हिशेबाचा संगणक त्यांच्या वाटेत येत नाही. पासवर्ड डब्ल्यूपीए २ किंवा ३ प्रकारचा आणि कंपनीने दिलेल्याहून वेगळा असावा. तिसरी गोष्ट घरगुती आहे : संचाचे खाते बहुधा घरातील एखाद्या तरुणाच्या फोनवर उघडले जाते. तो शिक्षणासाठी परगावी गेला की घरात कोणालाच काही बदलता येत नाही. खाते कुटुंबाच्या सामाईक ईमेलवर उघडावे आणि त्याची नोंद महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी.

बिलाचाही एक मुद्दा. संच पेढीच्या नावाने घेतला आणि तो घर व दुकान दोन्हींसाठी वापरला, तर जीएसटीचे इनपुट क्रेडिट व्यवसायातील वापरापुरतेच मिळते. सीजीएसटी कायद्याचे कलम १७(१) तसे सांगते. वाटणीचा हिशेब आपल्या सनदी लेखापालास विचारून ठेवावा. परत देण्याची मुदत आणि हमी बिलावर लिहून घ्यावी. पुढे एखादे उपकरण वाढवायचे झाल्यास सुटे मिळते का, हेही विचारावे. भिन्न कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. त्यासाठी ईझीमेश नावाचे सामाईक प्रमाण आहे, पण ते सर्वच संचांत नसते.

संच बसवून झाला की पहिला नकाशा पुन्हा हाती घ्यावा आणि प्रत्येक खोलीतील नवा आकडा जुन्याशेजारी लिहावा. आरंभ सर्वांत मागच्या खोलीपासून करावा. तेथे फोनचा मोबाइल डेटा बंद करून पाच मिनिटे व्हिडिओ कॉल लावून पाहावा, त्यानंतर ज्येष्ठांच्या फोनमध्ये वायफायवरून फोन करण्याची सोय सुरू करून त्यांच्याच हातून एक फोन लावून घ्यावा. तो अडथळ्याविना लागला नाही, तर परत देण्याची मुदत संपण्यापूर्वी उपकरणाची जागा बदलून पाहावी किंवा संच परत करावा.