खापर वाऱ्याच्या माथी

'थ्री फेसेस वेस्ट' हा १९४० सालच्या जुलैमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला चित्रपट आज फारसा कोणाला आठवत नाही. ज्यांना आठवतो, ते त्याची प्रशंसा एकाच सुरात करतात. मंदीच्या खाईतही अमेरिकन लोकशाहीचे हृदय किती विशाल होते, याचा तो पुरावा मानला जातो. हिटलरने देशोधडीला लावलेल्या डॉक्टरला आश्रय देणारे एक गाव, आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लावलेल्या त्या गावाला नवी जमीन दाखविणारे सरकार! ही प्रशस्ती तपासून घेतली पाहिजे. कारण तिच्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य हे सत्ताधाऱ्यांच्या नेहमीच उपयोगी पडत आलेले आहे.

कथानक साधे आहे. व्हिएन्नाचे एक नामांकित शल्यविशारद आणि त्यांची मुलगी लेनी नॉर्थ डकोटातील एका धुळीने गुदमरलेल्या खेड्यात येतात. गावकऱ्यांचा पुढारी आहे जॉन वेन. जमीन आता वाचत नाही असे शेतीखाते सांगते, तेव्हा सारे गाव मोटारी आणि ट्रक घेऊन ऑरेगॉनच्या वाटेला लागते. वाटेत असंतोष उद्भवतो, तो नायक मोडून काढतो. मेला असे समजलेला लेनीचा वाग्दत्त वर परत भेटतो, पण तो आता पक्का नाझी झालेला असतो. ती त्याला झिडकारते आणि शेतकऱ्यांकडे परतते.

या कथेत एक गोष्ट खरोखर मोलाची आहे. परदेशी निर्वासित आणि देशातल्या देशात उखडला गेलेला शेतकरी या दोघांना चित्रपटाने एकाच तांड्यात बसविले. त्याच साली पडद्यावर आलेल्या 'ग्रेप्स ऑफ राथ'लाही हे सुचलेले नव्हते. शिवाय हे गाव फुटून एकेक कुटुंब नशिबाच्या शोधात निघत नाही. सारे गाव एकत्र हलते. व्यक्तिवादाची आरती ओवाळणाऱ्या हॉलिवूडमध्ये हे थोडके नव्हे.

परंतु गाव उजाड का झाले? चित्रपटाचे उत्तर एकच: वारा. पाऊस आला नाही, धूळ उठली, संपले. वस्तुतः त्या मैदानांवरचे गवत वाऱ्याने उपटले नव्हते. पहिल्या महायुद्धात गव्हाच्या बुशेलला दोन डॉलरच्या आसपास भाव मिळत होता, म्हणून माळरानाचा इंच न् इंच नांगरला गेला. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. ते फेडण्यासाठी शेतकऱ्याने आणखी जमीन फोडली. १९३२ मध्ये तोच भाव सरासरी ४० सेंटच्याही खाली उतरला. त्यातच दुष्काळ आला, आणि उघड्या पडलेल्या मातीला घेऊन गेला. बाजारपेठेने जे पाप केले, त्याचे खापर पडद्यावर वाऱ्याच्या माथी फुटले.

त्यातही नॉर्थ डकोटाची निवड करून हे झाकावे, याला काय म्हणावे? अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या बंडखोरीचे ते माहेरघर. समाजवादी पक्षाचे संघटक राहिलेल्या टाउनली यांनी १९१५ मध्ये तेथेच नॉनपार्टिझन लीग उभारली. सावकारी बँका आणि धान्याचे दलाल यांच्याविरुद्ध तिने राज्याची सत्ता जिंकली, आणि १९१९ मध्ये सरकारी मालकीची बँक स्थापन केली. ती बँक आजही चालू आहे! १९३३ मध्ये गव्हर्नर लँगर यांनी कर्जापोटी होणारे शेतांचे लिलाव थांबविण्याचा हुकूम काढला आणि तो अमलात आणण्यासाठी नॅशनल गार्डच्या शिपायांना पाचारण केले. (लँगर काही संत नव्हते, पुढच्याच वर्षी त्यांना पदावरून जावे लागले.) हातात बंदूक घेतलेला शिपाई सावकाराच्या नव्हे तर कुळंब्याच्या बाजूने उभा आहे, हे दृश्य कोणत्याही निर्मात्याच्या तोंडाला पाणी सुटावे असे आहे. पण रिपब्लिक पिक्चर्सच्या या चित्रपटातील शेतकरी संघर्ष करतो तो आभाळाशी, बँकेशी नव्हे.

निर्वासिताच्या बाबतीतही हीच लबाडी. चित्रपटात डॉक्टरची ओळख रेडिओवरून करून दिली जाते आणि गरजू गावाकडून आमंत्रण येते. हा माणूस स्वीकारला जातो तो उपयोगी आहे म्हणून. तो डॉक्टर नसता, शिंपी असता तर? १९२४ च्या कायद्याने ठरवून दिलेला जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा एकत्रित वार्षिक कोटा होता २७,३७० माणसांचा. १९३९ मध्ये २० हजार मुलांना त्याबाहेर प्रवेश द्यावा असे विधेयक आले. ते समितीतच गाडले गेले. त्याच वर्षी 'सेंट लुई' बोट ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून निघाली. क्यूबाने बहुतेकांना उतरू दिले नाही, अमेरिकेने दार उघडले नाही, बोट युरोपला परतली. त्या प्रवाशांपैकी २५४ जण पुढे नाझी संहारात मारले गेले. आणि देशी निर्वासिताचे तरी काय? १९३६ मध्ये लॉस एंजलिसच्या पोलिसांनी थेट राज्याच्या सीमेवर जाऊन कफल्लक माणसांना मागे हाकलले. ज्या शहरात चित्रपटसृष्टी नांदत होती, त्याच शहराचे हे पोलीस.

वायव्य अमेरिकेतील ती नवी जमीनही रिकामी पडलेली नव्हती. त्या वर्षी कोलंबिया नदीवरील ग्रँड कूली धरणाच्या पाण्याखाली केटल फॉल्सचा धबधबा जाणार होता. जून १९४० मध्ये, म्हणजे हा चित्रपट येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, पिढ्यान्‌पिढ्या तेथे सामन मासे धरणाऱ्या आदिवासींनी एकत्र जमून त्या जागेचा अश्रुपूर्ण निरोप घेतला. धरणात गाव गेलेल्या मराठी वाचकाला या समारंभाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही या चित्रपटाला सरसकट निकालात काढणाऱ्या डाव्या समीक्षकांशी सहमत होणे कठीण आहे. त्याच्या तीन पटकथाकारांपैकी सॅम्युअल ऑर्निट्झ हे कम्युनिस्ट होते. चित्रपट आला तेव्हा स्टालिन-हिटलर करार जारी होता आणि अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाने आपला नाझीविरोधी सूर खाली आणला होता. हॉलिवूडचे मोठे निर्मातेही नाझींचे नाव घेण्यास बिचकत होते. अशा वेळी या छोट्या चित्रपटाने नाझीला नाझी म्हटले. हे धैर्य त्यांच्या पदरी जमा केलेच पाहिजे.

त्याची किंमतही वसूल झाली. १९४९ मध्ये कम्युनिस्टांच्या शोधासाठी कंबर कसलेल्या हॉलिवूडमधील संघटनेचे अध्यक्षपद जॉन वेन यांनी स्वीकारले. संसदीय चौकशी समितीपुढे उत्तरे देण्याचे नाकारल्याबद्दल ऑर्निट्झ १९५० मध्ये तुरुंगात गेले. दिग्दर्शक बर्नार्ड व्होरहाउस यांचे नाव १९५१ मध्ये त्याच समितीपुढे सांगितले गेले, आणि स्टुडिओंची दारे त्यांना बंद झाली. निर्वासितांवर चित्रपट काढणारा हा मनुष्य देश सोडून युरोपात गेला, शेवटी लंडनमध्ये स्थायिक झाला, आणि तेथे जुन्या घरांची डागडुजी करण्याच्या व्यवसायावर त्याने आपला चरितार्थ चालविला.