कढईचे धुवण

दिवाळीला आम्ही कुरुंद्याला जातो. वर्षभर मराठी शिकवता शिकवता जे शब्द माझ्याकडून हरवतात, ते आईच्या स्वयंपाकघरात चार दिवसांत परत सापडतात. यंदा सापडला 'धुवण'. आणि तोही एका दर्यावर्द्यामुळे!

दर्यावर्दी म्हणजे माझा पुतण्या. आमच्या गावाने समुद्र पाहिला तो भूगोलाच्या पुस्तकात. पण हा पठ्ठ्या तेलवाहू बोटीवर नोकरीला आहे. चकल्या तळून झाल्या, आई कढई घासायला बसली, तेव्हा तो म्हणाला, "आजी, आम्हांलाही कढई घासावी लागते. फक्त ती लाख टनांची!"

मुंबईच्या जवाहर द्वीपावर तेल उतरवले तरी टाक्यांच्या भिंतींना थोडे चिकटून राहतेच. थोडे म्हणजे, लाख टनांमागे तीन-चारशे टन! पूर्वी टाक्या समुद्राच्या पाण्याने धूत आणि ते धुवण समुद्रातच सोडीत. १९६० नंतर युक्ती निघाली, की धुवण एका टाकीत निवळू द्यावे, खालचे पाणी काढावे आणि वर राहिलेल्या तेलावरच नवा माल भरावा. पुढे तर कच्च्या तेलाचेच फवारे मारून टाक्या धुऊ लागले. आईला याचे मुळीच नवल वाटले नाही. "गाडीच्या आखाचं वंगण हाताला लागलं, की आधी गोडं तेलच चोळतात," ती म्हणाली.

पण बोट दुरुस्तीला न्यायची तर टाक्या पाण्याने लख्ख कराव्याच लागतात. शिवाय इंजिनाच्या तळाशी साचणारे तेलपाणी रोजचेच. हे सारे उतरवून घेण्याची सोय बंदरात हवी. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे तसे बंधन आहे. १९७८ मध्ये त्यात भर पडून तो १९८३ पासून अमलात आला. भारत १९८६ मध्ये सामील झाला. त्यातली एक अट मला फार शहाणपणाची वाटते. ही सोय अशी हवी, की बोटींचा विनाकारण खोळंबा होऊ नये. खरी गोम तिथेच आहे. धुवण न्यायला येणारा बार्ज 'उद्या' म्हणतो, बोटीचा एकेक दिवस लाखांचा, आणि समोर फुकटचा समुद्र!

गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला डांबराचे गोळे येतात. तिथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते तपासले, तेव्हा काहींचे मूळ टँकरच्या धुवणात निघाले. गेल्या मे महिन्यात आमच्या धाकटीचे तळवे साफ करताना सौ.ची खोबरेलाची अर्धी बाटली संपली होती. ती हकीकत मी मोठ्या चवीने सांगितली.

पुतण्या हसला नाही. जरा वेळाने म्हणाला, "काका, पहिल्याच बोटीवर एका रात्री मला व्हॉल्व्ह उघडायला सांगितला होता. मी उघडला."

टँकरचे धुवण किनाऱ्यापासून पन्नास सागरी मैलांच्या आत सोडायला मनाई आहे, हे त्यानेच मघाशी सांगितले होते.

"किनारा लांब होता ना?" मी विचारले.

"दिवे दिसत होते."

"आणि ती तेलाची नोंदवही?"

"तीत बंदरात दिलं म्हणून लिहिलं."

आईचा हात थांबला होता. "आता रे?"

"आता दुसऱ्या बोटीवर आहे, आजी. हे लोक बार्जची वाट बघतात. मागच्या खेपेला दीड दिवस थांबलो."

परसात ज्या कोपऱ्यात आमच्या कढईचे पाणी पडते, तिथे गवतही धड उगवत नाही. आईने एकदा तिकडे पाहिले आणि जुने फडके त्याच्यापुढे टाकले. "आधी कोरडी पुसून घे. पाणी मग."

तो बाह्या सारून बसला.