विश्लेषण : रॅलीत ड्रायव्हरची निवड वेगावर की तिजोरीवर?

जागतिक रॅली अजिंक्यपद म्हणजेच डब्ल्यूआरसीच्या २०२५ मोसमात ‘रॅली-१’ या सर्वोच्च गटात कारखानदार म्हणून टोयोटा, ह्युंदाई आणि एम-स्पोर्ट फोर्ड हे तीनच संघ होते. पूर्ण मोसमासाठीच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. त्या कोणाला मिळतात, हे केवळ वेग ठरवत नाही. संघाचे बजेटही ठरवते.

संघांकडे पैसा येतो कोठून?

फॉर्म्युला वनमध्ये प्रक्षेपण आणि इतर व्यावसायिक उत्पन्नाचा मोठा वाटा संघांना मिळतो. रॅलीत खर्चाचा भार प्रामुख्याने मोटार कंपन्या आणि प्रायोजकांवर असतो. कंपनीने हात आखडता घेतला, की संघच उरत नाही. फोक्सवॅगनने २०१६ अखेर आणि सित्रोएनने २०१९ अखेर माघार घेतली. दुसरीकडे प्रवास मोठा. २०२५ मध्ये १४ फेऱ्या होत्या आणि माँटे कार्लोपासून केनिया, पॅराग्वे, चिली, जपान, सौदी अरेबियापर्यंत मोटारी, सुटे भाग आणि मेकॅनिक न्यावे लागले.

एम-स्पोर्टचे उदाहरण महत्त्वाचे का?

इंग्लंडमधील कंब्रियात असलेला, माल्कम विल्सन यांनी उभारलेला हा संघ फोर्डच्या मोटारी धाववतो, पण तो फोर्डच्या मालकीचा नाही. टोयोटा व ह्युंदाईच्या तुलनेत त्याची तिजोरी लहान. २०१७ मध्ये याच संघाने सेबास्तियन ओजिएच्या साथीने ड्रायव्हर आणि कारखानदार अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली. पुढच्या वर्षीही ओजिए जगज्जेता ठरला आणि २०१९ साठी सित्रोएनकडे गेला. २०१९चा जगज्जेता ओट टॅनाक २०२३ मध्ये एम-स्पोर्टकडे परतला, स्वीडन आणि चिली जिंकला आणि वर्षभरात ह्युंदाईकडे गेला. त्यानंतर संघाने मोठ्या मानधनाचा ड्रायव्हर घेण्याऐवजी आद्रियां फूर्मो आणि ग्रेग्वार मुन्स्टर या तरुणांवर भिस्त ठेवली.

पैसे आणणारा ड्रायव्हर म्हणजे कमी दर्जाचा?

तसे सरसकट म्हणता येणार नाही. एल्फिन इव्हान्सला २०१६ मध्ये एम-स्पोर्टने दुसऱ्या श्रेणीत उतरवले. पुढच्या वर्षी डीमॅक या टायर कंपनीच्या पाठबळावर तो परतला आणि घरची वेल्स रॅली जिंकला. २०२५ मध्ये संघात आलेल्या जॉश मॅकअर्लिनच्या मागे आयर्लंडच्या मोटरस्पोर्ट महासंघाची अकादमी होती. स्वतः पैसे भरून निवडक फेऱ्यांत फोर्डची पुमा चालवणारे ग्रीसचे जोर्डन सेर्देरिदिस यांच्यासारखे हौशी ड्रायव्हरही संघाच्या अर्थकारणाला हातभार लावतात.

खरा प्रश्न उलट बाजूचा आहे. लाटव्हियाचा मार्टिन्श सेस्क्स २०२४ मध्ये पोलंडला रॅली-१ मोटारीत प्रथमच उतरला आणि पाचवा आला. तीही संकरित यंत्रणेविना धावणारी मोटार. पाठोपाठ घरच्या रॅलीत तो शेवटच्या टप्प्यापर्यंत पोडियमच्या शर्यतीत होता. तरीही २०२५ मध्ये त्याच्या वाट्याला आल्या त्या निवडक फेऱ्याच. वेग सिद्ध झाला म्हणून पूर्ण मोसमाचा खर्च आपोआप उभा राहत नाही.

चुकीची किंमत कोणाला परवडते?

रॅलीत वेग शिकायचा तर मोटार कधी ना कधी रस्त्याबाहेर जाणारच. मोठा संघ ते सोसतो. लहान संघाला प्रत्येक अपघात पुढच्या फेरीच्या तरतुदीतून भरून काढावा लागतो. फूर्मोचे २०२२ मध्ये लागोपाठ अपघात झाले आणि २०२३ मध्ये त्याला दुसऱ्या श्रेणीत जावे लागले. २०२४ मध्ये तो परतला आणि अनेकदा पोडियमवर पोहोचला. त्याचा पुढचा लाभ मात्र ह्युंदाईला झाला. टॅनाक आणि इव्हान्स यांच्या बाबतीतही हेच घडले होते. घडवायचे लहान संघाने आणि फळ चाखायचे श्रीमंतांनी, असा हा व्यवहार आहे.

नवे नियम हे बदलतील?

अंशतः. २०२५ पासून खर्चीक संकरित यंत्रणा काढून टाकण्यात आली. २०२७ पासूनच्या नियमावलीत मोटारीच्या किमतीला ३ लाख ४५ हजार युरोंची मर्यादा आहे. मोटार स्वस्त झाली तर नवे संघ येतील, जागा वाढतील, ही अपेक्षा रास्त आहे. पण प्रवास, सराव आणि मानधनाचा खर्च त्याने मिटणार नाही.

भारतालाही हा अनुभव नवा नाही. आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद तीनदा जिंकणारा आणि २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारा पहिला मोटरस्पोर्टपटू गौरव गिल डब्ल्यूआरसीच्या दुसऱ्या श्रेणीत मोजक्याच फेऱ्या खेळू शकला. मोटारीची किंमत बांधून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने होतकरू ड्रायव्हरसाठी पूर्ण मोसमाच्या एक-दोन जागांची तरतूद करायला हवी. अन्यथा जगज्जेतेपदाची लढत प्रत्यक्षात परवडणाऱ्यांपुरतीच राहील.